आमच्या पायांखालचा काळा दगड

भूगोलाच्या तासाला ज्वालामुखीचा धडा चालू होता. फळ्यावर आम्ही एका शंकूच्या आकाराच्या पर्वताचे चित्र काढले होते आणि खडूने त्याच्या मुखातून धूरही काढून दाखविला होता. इतक्यात नववीतील एक विद्यार्थी उभा राहिला व म्हणाला, "सर, असा डोंगर आपल्याकडे कुठं आहे?" आम्ही म्हणालो, "तू ज्या फरशीवर उभा आहेस तिच्याखाली आहे." वर्गात हशा पिकला. विद्यार्थ्यांना तो विनोद वाटला, आणि खरे सांगावयाचे तर आमचे उत्तर अर्धवटच होते. आमचे शिक्षण कलाशाखेचे. दगडांशी आमचा परिचय पुस्तकातला, आणि पुस्तकात शंकूचेच चित्र असते. तेव्हा पुस्तक मिटून एक दिवस बाहेर पडावे, पांढुर्ण्यापासून सौंसरच्या पलीकडे रामाकोन्यापर्यंत जावे आणि वाटेत जो दगड भेटेल त्याला विचारावे, असे ठरले. डिसेंबरातील एका रविवारी एकतीस विद्यार्थी, दोन शिक्षक, दोन हातोड्या, एक भिंग, एक लोहचुंबक आणि विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतून दिलेली सौम्य आम्लाची लहान बाटली एवढ्या सामग्रीनिशी आम्ही निघालो.

निघण्यापूर्वी आमच्या अडचणीचा एक शब्द सांगणे अवश्य आहे. आमची मायबोली कोकणी. आम्ही जेथे लहानाचे मोठे झालो तेथे दगडाला 'फातर' म्हणतात आणि घरे तांबड्या चिऱ्यांनी बांधतात. तो चिरा खाणीत असताना इतका मऊ असतो की धारेच्या हत्याराने तासता येतो, आणि वारापाऊस खाऊन पुढे तो कठीण होतो. दगड म्हणजे तांबडा आणि भोकाभोकांचा, अशीच आमची बालपणाची समजूत. पांढुर्ण्यास प्रथम आलो तेव्हा येथील काळ्या दगडाची घरे व काळी शेते पाहून सारा मुलूख नुकताच पाऊस पडून भिजला आहे असे वाटले होते. त्यामुळे या सहलीत गुरू कोण व शिष्य कोण हे नेहमी स्पष्ट नव्हते.

पहिला मुक्काम जाम नदीच्या पात्रात झाला. पांढुर्ण्याच्या मुलाला या पात्रातले दगड शिकवावे लागत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे राहते, मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो, आणि मग गोटमार सुरू होते. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काही वर्षी प्राणही गेले आहेत. आमच्या वर्गातील एका मुलाने गोल गुळगुळीत गोटा उचलला, हातात तोलला व सहज म्हणाला, "हा दूर जातो." त्याच्या तोंडून ते निघाले आणि तो स्वतःच ओशाळला. आम्ही त्याला रागावलो नाही. तोच दगड त्याला हातोडीने फोडावयास सांगितला. तीन घावांत तो फुटला. बाहेरून राखाडी, खरबरीत दिसणारा गोटा आतून निळसर काळा आणि इतका घट्ट निघाला की भिंगाखालीही त्याचे कण नीट वेगळे होईनात. गोटमारीविषयी आमचे मत आम्ही वर्गात लपवून ठेवीत नाही; पण तो दिवस त्यासाठी नव्हता. दगडाकडे फेकण्याखेरीज दुसऱ्या हेतूनेही पाहता येते, एवढेच त्या मुलाच्या मुद्रेवर उमटले, आणि आमचे समाधान झाले.

हा बेसाल्ट. पृथ्वीच्या पोटातील शिलारस भूपृष्ठावर येऊन लवकर थिजला की असा बारीक कणांचा खडक बनतो. स्फटिक मोठे होण्यास त्याला वेळच मिळत नाही. लोहचुंबक नदीच्या वाळूत फिरविला तेव्हा त्याला मिशीसारखे काळे कण चिकटून आले. ते मॅग्नेटाइटचे, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे कण. या क्षुल्लक दिसणाऱ्या कणांत एक विलक्षण गोष्ट साठविलेली आहे. शिलारस थंड होत असताना त्यातील असे कण त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला अनुसरून चुंबकित होतात व तीच दिशा धरून ठेवतात. जणू प्रत्येक दगडात एक होकायंत्र गोठलेले असते. ब्रिटनमधील क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या दगडांतील ही होकायंत्रे वाचून प्रसिद्ध केली, आणि हे खडक थिजले त्या वेळी भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती असा त्यातून अर्थ निघाला. आज आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे एकवीस अंशांवर आहोत. त्याच १९५६ साली राज्यपुनर्रचना होऊन आपल्या भागाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आमच्या घरमालकांच्या मातोश्री अजूनही ते 'आपण हललो' असे सांगतात. दगडांच्या हिशेबी ते हलणे फारसे नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शंकूचा डोंगर कोठे आहे? तो येथे नाही, आणि नसावयाचाच. दख्खनचा हा शिलारस बहुतांशी एखाद्या शिखरातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तो वर आला व सपाटीवर पसरत गेला. असा प्रकार माणसाने पाहिलेलाही आहे. आइसलँडमधील लाकी येथे जून १७८३ मध्ये सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीच्या रेषेवर भूमी फाटली आणि आठ महिने शिलारस वाहत राहिला. त्याने साडेपाचशे चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश झाकला. विषारी वायूंनी गवत व गुरे नष्ट झाली, आणि मागाहून आलेल्या दुष्काळात त्या देशाची सुमारे पाचवा हिस्सा प्रजा दगावली. आता दख्खनचा विस्तार मनात आणा. आज शिल्लक असलेला प्रदेशच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे, आणि झीज होऊन गेलेला किती असेल तो वेगळाच. हे सर्व सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी घडले. लाकीसारखे, किंबहुना तिच्याहून फार मोठे उद्रेक एकावर एक, मध्ये विश्रांती घेत, होत राहिले. भुसावळ येथे कोळशाच्या शोधासाठी सुमारे बाराशे फूट खोल भोक पाडले होते. त्यात फर्मर या भूशास्त्रज्ञांस एकावर एक असे एकोणतीस थर मोजता आले. सह्याद्रीत या थरांची चळत सर्वांत जाड आहे. आपण तिच्या पूर्वेकडील पातळ होत जाणाऱ्या कडेवर राहतो, आणि सहलीची खरी गंमत कडेवरच असते.

दुसरा मुक्काम मात्र कार्यक्रमात नव्हता. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचा संत्र्याचा मळा सौंसर रस्त्याच्या बाजूस आहे. "सर, आमच्या विहिरीवर दगडाचा मोठा ढीग पडला आहे, तो पाहू," असे तो आदल्या दिवशी म्हणाला होता. आम्हांस तो मुलाचा उत्साह वाटला. तेथे गेल्यावर कळले की त्याच्या वडिलांनीच आम्हांस आणावयास सांगितले होते. विहीर बेचाळीस फूट खोल. गेल्या दोन उन्हाळ्यांत ती एप्रिलातच आटली. पहिल्या वर्षी त्यांनी ती आणखी दहा फूट खोदविली. दगड निघाला, पाणी निघाले नाही. आता अंबिया बहारासाठी झाडांना ताण दिलेला होता. तो तोडून एकदा फूल धरले की उन्हाळाभर पाणी हवे. तीनशे फुटांचे बोअर मारण्यासाठी कर्जाचे कागद तयार होते. चहा झाल्यावर त्यांनी विचारले, "गुरुजी, तुमी दगडाचा अभ्यास करून राह्यले म्हनते पोरगा. खाली गेलो त पानी लागन का?"

आम्ही गप्प झालो. एकतीस मुले आमच्या तोंडाकडे पाहत होती. ज्या माणसाने वर्षभराचे पीक आणि कर्जाची सही आपल्या शब्दावर टांगलेली आहे, त्याला पुस्तकातले उत्तर देणे हा गुन्हा आहे. "आम्हांस ठाऊक नाही," असे आम्ही सांगितले. "पण विहिरीने आजवर काय सांगितले ते आपण मिळून वाचू."

मुलांनो, विहिरीच्या काठावरचा ढीग म्हणजे उलटी करून ठेवलेली विहीर असते. जे प्रथम निघाले ते तळाशी, जे शेवटी निघाले ते माथ्यावर. ढिगाच्या तळाशी आम्हांस पिवळट मुरूम दिसला. त्यात मधूनमधून कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल धोंडे होते. बेसाल्ट चिरांमधून कुजत जातो तेव्हा त्याच्या चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात, आणि मग असे गोळे उरतात. त्यावर, म्हणजे विहिरीत त्याच्याखाली, एक निराळाच दगड होता. तो जाळीदार होता आणि त्याच्या भोकांत पांढरे व हिरवट दाणे भरलेले होते. शिलारसात वायूचे बुडबुडे असतात. ते वर चढतात आणि थराच्या माथ्याशी अडकून राहतात. पुढे लाखो वर्षे पाणी त्या पोकळ्यांतून झिरपते व तेथे गारगोटी, झिओलाइट, कधी कॅल्साइट असे स्फटिक ठेवून जाते. एका मुलीने विचारले की सगळे पांढरेच, मग ओळखावे कसे? आम्लाची बाटली तेथे प्रथम उघडली. एका पांढऱ्या दाण्यावर थेंब टाकताच तो फसफसला; तो कॅल्साइट. शेजारचा तसाच पांढरा दाणा शांत राहिला. आणि ढिगाच्या माथ्यावर, म्हणजे शेवटच्या दहा फुटांत, जाम नदीतला तो आपला ओळखीचा निळसर काळा दगड. त्याला ना भोक ना चीर. सुरुंगाच्या खुणा त्यावर स्पष्ट होत्या.

त्यानंतर सर्वांनी विहिरीत डोकावून पाहिले. काठापासून साधारण पंचवीस फुटांवर भिंतीला एक हिरवा पट्टा होता. तेथे शेवाळ होते आणि दोन ठिकाणी पाझर होता. तो पट्टा त्या जाळीदार दगडाचाच. आता मुलांनी आमच्या साहाय्याविनाच उत्तर जुळविले. बेसाल्टात पाणी वाळूतल्यासारखे सगळीकडे नसते. ते वरच्या कुजलेल्या मुरमात असते, चिरांत असते आणि थरांच्या जाळीदार माथ्यांत असते. थराचे घट्ट पोट बहुधा कोरडे. विहिरीने आपले पाणी पंचवीस फुटांवर गाठले होते. पुढे खोदलेले दहा फूट ही केवळ टाकी मोठी झाली. नळ तोच राहिला. तीनशे फूट गेल्यास वाटेत आणखी थर लागतील, त्यांपैकी एखाद्याचा माथा जाळीदार व पाण्याने भरलेला असेलही. पण तो तेथे नसला तर भोक कोरडे आणि कर्ज ओले, असे एक मुलगा म्हणाला. वाक्य त्याचेच आहे. आम्ही फक्त उतरवून घेतले.

मळ्यावर विहिरी खोदण्यात आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. इतका वेळ ते काही बोलले नव्हते. ते म्हणाले, "त्याच पट्ट्यात आडवे बोअर मारा. चार दिशेनं." म्हणजे विहिरीच्या आत उतरून, त्या जाळीदार थरातच भिंतीत आडवी भोके पाडावयाची, की ज्यामुळे दूरवरचा पाझर विहिरीकडे वाहून येईल. आम्ही ज्या निष्कर्षाला आम्ल, भिंग आणि तासभर चर्चा यांच्या साहाय्याने आलो, त्यापुढे हे गृहस्थ केव्हाच जाऊन बसले होते. आम्ही विद्यार्थ्याच्या वडिलांना एवढेच सुचविले की सही करण्यापूर्वी भूजलाच्या जाणकारांना हा ढीग दाखवावा. मात्र एक गोष्ट आम्ही बोललो नाही आणि येथे लिहितो. त्या थरातून पाणी घेणारे ते एकटे नाहीत. शेजारच्या मळ्याची विहीर त्याच थराला तोंड लावून बसली आहे, तिच्या शेजारचीही. सीमेपलीकडे वरूड तालुक्यात संत्र्यासाठी जमिनीतले पाणी भरतीपेक्षा अधिक उपसले गेले आहे, हे सरकारी नोंदीतच आहे. थर आडवे असतात. ते मळ्याच्या धुऱ्यापाशी थांबत नाहीत.

पुढचा रस्ता भराभर गेला. वाटेतील टेकड्यांच्या उतारांवर पायऱ्या दिसतात. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो, मऊ थर झिजून सपाटी होते. या पायऱ्यांवरूनच या खडकाला 'ट्रॅप' हे नाव मिळाले. तो पायरी या अर्थाचा स्वीडिश शब्द आहे. सापळा असा अर्थ एका विद्यार्थ्याने वहीत लिहिला होता, तो तेथेच खोडविला. एका कापलेल्या दरडीत दोन थरांच्या मध्ये वीतभर जाडीची विटकरी तांबडी माती होती. एक थर थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये इतका काळ गेला की दगडाची माती झाली, आणि मग नव्या शिलारसाने ती झाकली. ती माती हातात घेतली तेव्हा आम्हांस घराची आठवण झाली, हे कबूल केले पाहिजे.

अशा मधल्या काळात येथे तळी होती, झाडे होती. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलां येथे (सौंसर तालुक्यातले आपले मोहगाव ते नव्हे) दोन शिलारसांच्या मधल्या गाळाच्या खडकात वनस्पतींचे दगड झालेले अवशेष सापडतात. प्रा. बिरबल साहनी आणि प्रा. रोडे यांनी १९३७ मध्ये त्यांविषयी लिहिले. त्या अवशेषांत निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाचे फळ आहे. निपा आज सुंदरबनात, खाडीच्या मचूळ पाण्यात वाढते. छिंदवाड्यास खाडीचे झाड! आमच्यासारख्या खाडीकाठी वाढलेल्याने हे वाचून दोनदा वाचावे हे स्वाभाविक आहे. पुढे २००९ मध्ये त्याच जिल्ह्यातील झिलमिली येथील अशाच थरांत सागरी सूक्ष्मजीवांची कवचे मिळाल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा समुद्राचा एक फाटा त्या काळी येथवर आला असावा या कल्पनेला बळ मिळाले.

दुपारी रामाकोन्यास कन्हानच्या पात्रात डबे उघडले. भाकरी संपण्यापूर्वीच मुलांचे लक्ष गेले की येथील गोटे एकरंगी नाहीत. काळे आहेत, पण त्यांच्याबरोबर करडे-पांढरे पट्टेदार आहेत, अभ्रकाने चमकणारे आहेत, गुलाबी छटेचे आहेत. एक पांढरा, साखरेच्या खड्यासारखा चकाकणारा तुकडा सापडला. त्यावर आम्लाचा थेंब फसफसला. तो संगमरवर निघाला. आम्ही ज्वालामुखीच्या कडेवरून खाली उतरलो होतो. काळ्या थरांची चादर या बाजूस विरते आणि तिच्याखालची जुनी जमीन उघडी पडते. तो काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, तर हे रूपांतरित खडक शंभर कोटी वर्षांच्या घरातले. वरचा लहान, खालचा मोठा. कुटुंबात मात्र उलट बसतात, अशी शंका एकाने काढली.

या जुन्या खडकांच्या समूहाला भूशास्त्रात जगभर एकच नाव आहे, आणि ते म्हणजे 'सौंसर'. नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या मँगनीजच्या पट्ट्याचे हे खडक. मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिछुआ अशी खेड्यांची नावे त्यांच्या निरनिराळ्या थरांना आहेत. मघाशी उल्लेखिलेले लुईस फर्मर यांनी १९०९ मध्ये हिंदुस्थानातील मँगनीजवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी येथील मँगनीजयुक्त गारनेटच्या खडकाला गोंड लोकांच्या नावावरून 'गोंडाइट' म्हटले, आणि छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या गावावरून एका खनिजाला 'सीतापाराइट' असे नाव दिले. ते खनिज पूर्वीच ज्ञात असलेले बिक्सबाइट असल्याचे पुढे ठरले व सीतापारचे नाव मागे पडले. आम्हांस याचे थोडे वाईट वाटते. याच फर्मर यांनी फॉक्स यांच्यासह छिंदवाड्यानजीकच्या लिंगा येथील शिलारसाचे थर पायी हिंडून नकाशावर उतरविले. तो लेख १९१६ मधला. हे ऐकताच एका मुलीने विचारले, "म्हणजे साहेब आपल्या गावांत आले, आपली नावं घेऊन गेले, आणि आपल्याला ठाऊकच नाही?" तिला उत्तर म्हणून आम्ही तिच्या हाती हातोडी दिली.

सहलीनंतर प्रत्येकाने एक दगड, त्याचे ठिकाण आणि त्याविषयी पाच ओळी असे शाळेच्या कपाटात ठेवले आहे. जाम नदीचा तो फुटका गोटा पहिल्या फळीवर आहे. मळ्याच्या मालकांनी कर्जाचे कागद तूर्त परत घेतले. जानेवारीत विहिरीत उतरून चार आडवी बोअरे मारविली. एकातून काही निघाले नाही, दोनांतून बोटाएवढी धार आहे, चौथ्यातून पाझर. त्यांचा मुलगा आता दर शनिवारी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडतो आणि पाण्याची खोली वहीत लिहितो. हा अंक छापावयास जाताना त्याची वही आमच्यापुढे आहे. पहिल्या शनिवारी सहा हात, मग सात, मग पुन्हा सात, आणि गेल्या शनिवारी साडेसहा. उन्हाळा अजून यावयाचा आहे.